आधी मळमळ थांबवा, मग घास

माटुंग्यातल्या घरात म्हातारा कुत्रा जेवेनासा झाला की पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. सकाळचा दहीभात तसाच राहिला म्हणून दुपारी कोपऱ्यावरून गरम इडली येते. इडली हुंगून सोडून दिली म्हणून दूध-पाव पुढे होतो. संध्याकाळी ग्लुकोजची बिस्किटं, रात्री उकडलेलं चिकन, आणि त्यावर कुणीतरी सुचवलेलं चमचाभर तूप. झोपण्याआधी घरातलं सगळ्यात मायेचं माणूस त्याचा जबडा हातात धरून एक तरी घास आत सारतं. यातल्या कुणाच्याच हेतूत खोट नाही, पण कामांचा क्रम उलटा आहे. आजारी म्हाताऱ्या कुत्र्याला पुन्हा जेवता करायचं असेल तर पदार्थ बदलत बसण्याआधी त्याची मळमळ आणि दुखणं थांबवावं लागतं. ते थांबलेलं नसताना त्याच्यापुढे धरलेला प्रत्येक आवडता पदार्थ त्याच्या नावडत्यांत जाण्याची भीती असते. हे विधान पहिल्यांदा ऐकताना कठोर वाटेल. पण त्यामागे गेल्या सत्तर वर्षांतलं भक्कम संशोधन आहे आणि ते घराघरांत पोचायला हवं.

आपण हा क्रम उलटा का करतो, हे समजण्यासारखं आहे. कुत्र्याशी आपलं नातं घासाचं आहे. श्राद्धाच्या पंचबळीत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही वाटा निघतो. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. माटुंग्याला खेटूनच दादरची पारशी कॉलनी आहे आणि पारशी घरांत जेवणाआधी कुत्र्यासाठी घास बाजूला काढण्याची जुनी चाल आहे. याच मुंबईत जून 1832 मध्ये कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. जिथे घास हीच मायेची भाषा आहे, तिथे घास नाकारणं म्हणजे रुसवा असंच वाटणार. ‘रुसलाय’, ‘लाडावलाय’, ‘रोज तेच तेच खाऊन कंटाळलाय’ ही कारणं चटकन ओठांवर येतात आणि त्यांत दोन-तीन मोलाचे दिवस निघून जातात. कुत्रा चोखंदळ असू शकतो, हे खरं आहे. पण दहा वर्षं जे आवडीनं खाल्लं ते वयाच्या अकराव्या वर्षी अचानक नकोसं झालं, तर त्याचं कारण बहुतेक वेळा पोटात, दातांत, रक्तात नाहीतर मूत्रपिंडात सापडतं.

आजारात अन्नावरची वासना उडते ती शरीर बिघडल्यामुळे, असा आपला साधा समज असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट या पशुवैद्यानं 1988 मध्ये या समजाला धक्का दिला. आजारी प्राणी मलूल पडतो, कोपरा धरतो, जेवत नाही. हे सगळं तापाच्या जोडीनं शरीरानंच आखलेलं वर्तन आहे, अशी मांडणी त्यानं केली. जंतुसंसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-1 आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखे संदेशवाहक रेणू रक्तात सोडतात. त्यांचा संदेश मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचला की ताप चढतो आणि भूक मरते. रानातल्या आजारी प्राण्यानं शिकारीच्या मागे न धावता अंगातली ऊब आणि शक्ती राखून ठेवणं त्या वेळी फायद्याचंच असतं. म्हणजे तोंड फिरवणारा कुत्रा हट्ट करत नसतो. त्याच्या मेंदूला ‘आत्ता खाऊ नकोस’ असा निरोप गेलेला असतो आणि कितीही लाडीगोडी लावली तरी तो निरोप पुसला जात नाही.

यावर कुणी म्हणेल, निसर्गानंच उपास सांगितला असेल तर उपास पडू द्यावा, आपण लुडबूड कशाला करायची? तरण्या कुत्र्याचं पोट एका दिवसापुरतं बिघडलं असेल तर हे चालून जातं. पण ही योजना चार दिवसांच्या संसर्गासाठी आहे. मूत्रपिंडाचा जुना विकार, कर्करोग, मुरलेला गोचीडताप अशा दुखण्यांत संदेशवाहकांचा मारा थांबतच नाही, आणि भूक मेली ती मेलेलीच राहते. शिवाय आजारातली उपासमार साध्या उपासासारखी नसते. निरोगी शरीर उपाशी राहिलं तर हळूहळू चरबीवर भागवायला शिकतं आणि स्नायू वाचवतं. आजारी शरीराला ही काटकसर जमत नाही, ते स्नायू जाळत राहतं. म्हाताऱ्या कुत्र्याकडे स्नायूंची शिल्लक आधीच कमी असते. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजू खोलगट दिसू लागल्या, पाठीवरून हात फिरवताना कणा टोचू लागला, मागच्या मांड्या सुकल्या, की ती शिल्लक खर्चाला निघाली असं समजावं. पोषणाची ही बाजू दुर्लक्षित राहते म्हणूनच पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेनं 2011 मध्ये तापमान, नाडी, श्वास आणि वेदना यांच्या जोडीला पोषणाची तपासणी प्रत्येक भेटीत करावी असा आग्रह धरला. थोडक्यात, वाट पाहायची सोय नाही आणि जबरदस्तीही चालत नाही. हा पेच सुटतो तो मळमळीपासून.

मळमळ आणि अन्न यांचं नातं किती घट्ट आहे, हे जॉन गार्सिया या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये उंदरांवर दाखवलं. उंदरांना सॅकरीनचं गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी गॅमा किरणांची मात्रा दिली. किरणांनी उंदरांचं पोट ढवळलं आणि पुढे त्यांनी ते एरवी आवडीचं गोड पाणी टाळलं. पाण्याचा काहीच दोष नव्हता. 1966 मधल्या पुढच्या प्रयोगानं आणखी नेमकी गोष्ट समोर आणली. उंदरांना चवीबरोबरच दिव्याचा लखलखाट आणि आवाजही दिला, तेव्हा पोटातल्या मळमळीचा ठपका त्यांनी चवीवर ठेवला आणि पायाला बसलेल्या विजेच्या झटक्याचा ठपका उजेडावर नि आवाजावर. पोट बिघडलं की दोष अन्नाचाच, ही खूणगाठ मेंदू बांधूनच येतो. ती बसायला एकच अनुभव पुरतो, खाणं आणि मळमळ यांत काही तासांचं अंतर असलं तरीही ती बसते. माणसंही याला अपवाद नाहीत. इलीन बर्नस्टाइन यांनी 1978 मध्ये केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना उपचाराच्या आधी एका खास चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढच्या खेपेला त्या मुलांनी ते नाकारण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त होतं. मुलांना मळमळीचं खरं कारण सांगता आलं असतं, तरीही जीभ ऐकत नाही. कुत्र्याला तर ते सांगताही येत नाही.

आता माटुंग्यातला तो दिवस या प्रयोगांच्या उजेडात पुन्हा पाहा. पोट ढवळत असताना दहीभात, इडली, दूध-पाव, बिस्किट आणि चिकन असे पाच पदार्थ नाकाखालून गेले आणि पाचही मळमळीशी जोडले गेले. चार दिवसांनी औषधानं पोट निवळलं, तरी आता खाण्याजोगं उरलंय काय? मोठ्या दवाखान्यांतले जाणते डॉक्टर मूत्रपिंडाच्या रुग्णाचं पथ्याचं अन्न त्याची मळमळ थांबण्याआधी सुरू करायला कचरतात ते यामुळेच. जे अन्न पुढे वर्षभर खायचं आहे, त्याचीच शिसारी बसली तर पथ्य पाळायचं कसं? रोजच्या भातात गोळी कुस्करून देण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी. कडू गोळी एकदा दाताखाली आली की तो भात संशयास्पद ठरतो. गोळी द्यायची तर जेवणापासून वेगळी, आणि ती लपवायला रोजच्या जेवणात नसलेल्या पदार्थाचा लहानसा गोळा घ्यावा.

मळमळ ओळखायची कशी? कुत्रा ओकला तरच मळमळ, असं मानणं चूक आहे. वाडगा पुढे ठेवल्यावर दोन मिनिटं नुसतं बघत राहावं. मळमळणारा कुत्रा बरेचदा उठून येतो, वाडग्यापर्यंत मान नेतो, हुंगतो आणि तिथेच थबकतो. मग ओठांवरून जीभ फिरवतो, रिकामाच घोट गिळतो, पुन्हा गिळतो, मान वळवतो. काहींच्या ओठांच्या कडांना लाळेची तार लोंबते, काही गवत शोधत सुटतात, काही वाडगा असलेल्या खोलीत यायचंच टाळतात. याउलट ज्याचं तोंड दुखतं तो कुत्रा उत्सुकतेनं येतो, घास तोंडात घेतो आणि टाकून देतो. किंवा मान तिरपी करून एकाच बाजूनं चावतो, कडक पोळी सोडून मऊ भात चाटतो. याला भूक असते, खाणं जमत नसतं. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज दिसते आणि ती डोळ्याचीच समजून थेंब टाकले जातात. तिसरा प्रकार सांध्यांचा. मान खाली करायची, पुढच्या पायांवर भार द्यायचा, तोही गुळगुळीत टाइल्सवर. मागचे पाय फाकत जातात आणि तो बिचारा अर्ध्या जेवणातून निघून जातो. अशा वेळी पायाखाली रबराची चटई अंथरली आणि वाडगा छातीच्या उंचीच्या थोडा खाली ठेवला, तर काही घरांत निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. या तिघांना एकच उपाय लागू पडत नाही, म्हणून डॉक्टरला नुसतं ‘जेवत नाही’ एवढंच सांगू नये. तो वाडग्यापाशी नेमकं काय करतो, याचा फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून नेला तर निदानाला फार मदत होते.

मूळ कारणांचा शोध अर्थातच डॉक्टरचा आहे. पण मुंबईपुरती काही नावं घरच्यांनाही ठाऊक असावीत. इथल्या दमट उबेत गोचीड बाराही महिने जगते आणि तिच्यामार्फत एर्लिकिया नि बबेसिया हे जंतू शिरतात. ताप, फिकट हिरड्या आणि मेलेली भूक हे त्यांचं नेहमीचं रूप. पावसाळ्यात किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केटच्या भागात पाणी तुंबतं. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. तो मूत्रपिंड आणि यकृत दोन्हींवर घाला घालतो आणि माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसावी. मूत्रपिंडाचा जुना विकार दबक्या पावलांनी येतो. बराचसा भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढतच नाही; तोवर कुत्रा फक्त जास्त पाणी पितो, जास्त मुततो. पुढे साठलेली विषद्रव्यं मेंदूतलं ओकारीचं केंद्र चेतवतात, तोंडात व्रण उठवतात, श्वासाला उग्र दर्प येतो. नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीनं माजानंतर काही आठवड्यांनी जेवण सोडलं आणि पाणी खूप प्यायला लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका त्याच दिवशी फेडून घ्यावी. तिथे रात्र काढणं जिवावर बेतू शकतं. इन्शुलिन चालू असलेल्या मधुमेही कुत्र्यानं जेवण नाकारलं, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरला फोन करावा.

एक कारण मात्र आपल्याच कपाटातून येतं. म्हातारा लंगडतोय म्हणून आयबुप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामक गोळी दिली जाते. ती कुत्र्याच्या जठरात व्रण करते आणि मूत्रपिंडालाही इजा करते, आणि मग तो जेवत का नाही याचं कोडं घरच्यांना पडतं. योग्य औषधंही भूक मारू शकतात. गोचीडतापावर दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी दिलं तर मळमळतं. आणि कुत्रा जेवत नाही म्हणूनच तर ते रिकाम्या पोटी जातं. या चक्रातून मार्ग काढायचा म्हणजे औषध मनानं बंद करायचं, असं नाही. ते सुरू केल्यावर ओकारी वाढली हे डॉक्टरला सांगायचं आणि मळमळ थांबवणारं औषध मागायचं. अमेरिकेत 2007 मध्ये कुत्र्यांसाठी मान्यता मिळालेलं मॅरोपिटंट मेंदूतल्या ओकारीच्या वाटेवरचा एक ग्राहक रेणूच अडवतं. त्यानंतर भुकेचंही औषध आलं. जठरातून निघणारा घ्रेलिन हा भुकेचा संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये शोधला आणि त्याची नक्कल करणाऱ्या कॅप्रोमोरेलिनला 2016 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी परवानगी मिळाली. मग सरळ भुकेचंच औषध द्यावं की! पण ज्याचं पोट अजून ढवळतंय त्याला भूक लावून काही साधत नाही, आणि आतड्यात अडथळा असेल तर ते धोक्याचं आहे. भुकेच्या औषधाची पाळी कारण शोधल्यानंतर आणि मळमळ निवल्यानंतर येते.

उपचाराला लांब जावं लागत नाही, हे या भागाचं भाग्य आहे. परळला 1880च्या दशकात उभं राहिलेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. शहराचे बैल आणि घोडे तिथे येत, म्हणून लोकांच्या तोंडी ते आजही बैलघोडा हॉस्पिटल. त्याच्याच आवारात 1886 साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय उघडलं. म्हाताऱ्या आजारी कुत्र्यानं चोवीस तास काही खाल्लं नाही, किंवा पाणीही नाकारलं, तर ‘उद्या बघू’ हा शब्द काढू नये. नुसता उतारा म्हणून सलाईन लावून परत येण्यात समाधान मानू नये. सलाईन पाणी आणि क्षार भरून काढते, जेवणाची जागा घेत नाही.

मळमळ थांबली की मग अन्नाची पाळी, आणि इथे कुत्र्याचं नाक आपल्या बाजूनं असतं. माणसाच्या नाकात वासाचे ग्राहक पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. उलट जिभेवरचे स्वादकोष आपल्या नऊ हजारांपुढे त्याचे सुमारे सतराशे. त्याचं जेवण आधी नाकानं होतं. पावलॉव्हचं नाव घंटेमुळे लक्षात राहतं, पण 1904चं नोबेल त्याला पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं. त्याच्या प्रयोगांत कुत्र्यानं आवडीनं चावलेलं अन्न गळ्यापाशीच बाहेर काढलं, तरी जठरात पाचकरसाचा पाझर सुरू व्हायचा. आणि कुत्र्याच्या नकळत थेट जठरात ठेवलेलं अन्न बराच वेळ तसंच पडून राहायचं. म्हणून फ्रिजमधला गार भात देऊ नये. अंगाच्या उबेइतकं, हाताला कोमट लागेल एवढं गरम करावं, म्हणजे वास उठतो. चोंदलेलं नाक ओल्या फडक्यानं पुसून द्यावं. मिठाशिवाय उकडलेल्या चिकनचं पाणी मऊ भातावर ओतलं तर वास आणि पाणी दोन्ही मिळतात. एका वेळी दोन चमच्यांइतकंच ठेवावं, पंधरा-वीस मिनिटांनी मुकाट्यानं उचलावं आणि तीन-चार तासांनी ताजं द्यावं. भोवती चार माणसं कोंडाळं करून ‘खा रे, खा ना’ करत बसली की वाडगा त्याला संकटासारखा वाटू लागतो. शेजारी बसावं, पाठीवर हात ठेवावा, बोटावरचं चाटलं तर चाटू द्यावं. नाही म्हणाला की मान्य करावं.

माटुंग्यात तामिळ, गुजराती, जैन अशी अनेक घरं कडक शाकाहारी आहेत आणि ‘चिकन द्या’ या सल्ल्यापुढे ती अडतात. त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांकडे चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर आणि ताटाखाली वाढताना कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला. तेव्हा गुरगुट्या भात, शिजवून घोटलेली मुगाची डाळ, ताजं पनीर, फोडणी नसलेला दहीभात एवढ्यावर आजारातले काही दिवस नीट निभावतात. दीर्घकाळचा आहार मात्र डॉक्टरला विचारूनच ठरवावा, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला पनीर देण्याआधी तर नक्कीच, कारण त्यातलं फॉस्फरस त्याला सोसत नाही. खरी काळजी आहे ती मायेपोटी वर घातल्या जाणाऱ्या गोष्टींची. इडलीबरोबरच्या सांबारात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. बबेसियानं आधीच रक्त उतरलेल्या कुत्र्याला तो दुहेरी मार आहे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंड बंद पाडू शकतात. दुधातली साखर बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब लागतात. तुपानं वास छान येतो, पण स्निग्धांशामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो.

किती खाल्लं, याचा अंदाज आपण मनाच्या समाधानावर बांधतो, तिथेच फसगत होते. पडून असलेल्या कुत्र्याला लागणाऱ्या किमान ऊर्जेचं एक सूत्र पशुवैद्य वापरतात. त्यानुसार 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 390, 15 किलोच्या देशी कुत्र्याला सुमारे 530 आणि 20 किलोच्या कुत्र्याला सुमारे 660 कॅलरी लागतात. दोन चमचे दहीभात खाल्ला की घरात आनंद होतो, पण त्यात पन्नासएक कॅलरीही नसतात. ग्लुकोजचं एक बिस्किट वीस-पंचवीस कॅलरींचं. लहान वाटीभर भात आणि एक उकडलेलं अंडं मिळून दोनशेच्या आसपास जातात. म्हणून खाल्लेलं वहीत लिहावं आणि आठवड्याला वजन करावं. उचलून घेता येण्याजोगा असेल तर त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. तरीही तीन-चार दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी पोटभर देऊ नये. उपाशी शरीरात अचानक पिष्ट आलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस नि पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं; दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या भुकेल्या माणसांत याचे जीवघेणे परिणाम दिसले होते. पहिल्या दिवशी गरजेचा तिसरा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण, हा सावध हिशेब आहे.

आणि एवढं करूनही तीन दिवसांत पुरेसं खाल्लं नाही तर? इथे दोन वाटा उरतात: सिरिंजनं तोंडात पातळ अन्न सोडणं किंवा डॉक्टरकडून नळी घालून घेणं. घरोघरी पहिली वाट धरली जाते, कारण नळी म्हटलं की छळ वाटतो. मला हे उलटं वाटतं. धरून-दाबून पाजताना अशक्त कुत्र्याच्या घशातलं अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, शिवाय दिवसातून चार वेळा मायेच्याच हातांची त्याला दहशत बसते आणि अन्नाची शिसारी पक्की होते. नाकातून घातलेली बारीक नळी काही दिवस टिकते. मानेतून अन्ननलिकेत बसवलेली नळी आठवडे, कधी महिनेही चालते. तिला थोडी भूल लागते आणि खर्चही येतो, हे खरंच आहे. पण त्या वाटेनं अन्न, पाणी आणि कडू औषधं सगळी जिभेला वळसा घालून जातात. पावलॉव्हच्या प्रयोगावरून कुणी विचारेल की मग न चाखलेलं अन्न पचणार कसं? नळीतलं अन्न पातळ असतं, थोडं थोडं सावकाश दिलं जातं, आणि आतडं ते शोषून घेतं. मुख्य म्हणजे नळी असतानाही त्याच्यापुढे वाडगा ठेवता येतो, आणि पोट निवळल्यावर कुत्रा आपणहून त्यात तोंड घालतो. नळी काढायची वेळ तोच सांगतो.

घरच्या कुत्र्याचं एवढं तरी पाहिलं जातं. गल्लीतल्या म्हाताऱ्याचं कुणी पाहायचं? 2023च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवर टाकली आहे. पण पहाटे दूध देणारे वेगळे, दुपारी पोळी टाकणारे वेगळे, रात्री भात आणणारे वेगळे असले की त्यानं शेवटचं कधी खाल्लं हे कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरीकडे पोट भरलं असेल. सोसायटीच्या वॉचमनकडे एक वही किंवा खाऊ घालणाऱ्यांचा एक फोनगट असला तर दुसऱ्या दिवशीच कळेल. कानाला खाच असलेल्या कुत्रीची नसबंदी झालेली असते, म्हणून गर्भाशयातल्या पुवाची शंका मागे पडते, हेही डॉक्टरला सांगण्याजोगं आहे.

‘आता वय झालं, कशाला त्रास द्यायचा’ हा आक्षेप सगळ्यात शेवटी येतो आणि तो प्रामाणिक असतो. म्हातारपण हे निदान नव्हे. बारा वर्षांच्या कुत्र्याचा किडका दात काढला किंवा गोचीडतापावर वेळेत इलाज झाला, तर तो पुढे बराच काळ आनंदानं जेवू शकतो. तरीही काही आजार परतीचे नसतात. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी अखेरच्या दिवसांसाठी 2004 मध्ये एक मोजपट्टी आखली; तीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना गुण द्यायचे असतात. भूक ही त्यांतली एकच. आपण मात्र तिलाच सर्वस्व मानतो: खातोय म्हणजे बराय. प्रत्यक्षात काही कुत्री असह्य वेदनेतही शेवटच्या दिवसापर्यंत हातचं बिस्किट घेतात, आणि काही पूर्ण बरी होणारी कुत्री आठवडाभर तोंड उघडत नाहीत. म्हणून निर्णय वाडग्याकडे बघून घेऊ नये. सातही गोष्टींचे गुण घरातल्या दोघांनी वेगवेगळे लिहावेत, आठवडाभराचे आकडे डॉक्टरसमोर ठेवावेत. इलाज थांबवायचाच असं ठरलं, तर मळमळीचं आणि वेदनेचं औषध मात्र शेवटपर्यंत थांबवू नये. जेवणाचा आग्रह सोडून द्यावा, तोंड ओल्या कापसानं पुसत राहावं, आणि त्यानं मागितलं तर जे मागेल ते, हवं तेवढंच, द्यावं.